दोन बाथरूम आणि एक कोरडं तळं

भालचंद्र राऊतांच्या बाथरूममधलं पाणी खालच्या मजल्यावरच्या विनिताबाईंच्या देव्हाऱ्यावर ठिबकायला लागलं, तेव्हा सुरुवातीला बाईंनी ते शुभच मानलं. थेंब नेमका महादेवाच्या पिंडीवर पडत होता. पुढे एका सकाळी पिंडीवर साबणाचा फेस दिसला आणि बाई पदर खोचून वर आल्या.

“भावजी, तुमच्या आंघोळीच्या पाण्याने आमचा देव न्हातोय. आता तुम्हीच सांगा, मी हात कोणाला जोडायचे?”

भालचंद्र मुंबईतल्या एका सरकारी कचेरीत अधीक्षक होते. समोर आलेला प्रश्न ‘बघू’ म्हणून पुढच्या आठवड्यात ढकलायची त्यांची हातोटी कचेरीत वाखाणली जायची. पण विनिताबाई पुढच्या आठवड्यात जायला तयार नव्हत्या. त्या दारातच उभ्या राहिल्या. शेवटी बाथरूम पूर्ण उकरायचं, खाली नवा कोबा घालायचा आणि वर नवी लादी बसवायची असं ठरलं, तेव्हाच त्या हलल्या.

ठरवणं सोपं होतं. विरारच्या त्यांच्या सोसायटीत भिंतीला खिळा ठोकायचा तरी कमिटीची परवानगी लागे, आणि इथे तर घणाचं काम होतं. कमिटीची सभा गच्चीवर भरली. विषय गळतीचा होता, पण बराच वेळ गेला तो वाळत घातलेल्या पापडांवर, कारण ते उचलल्याशिवाय खुर्च्या मांडता येत नव्हत्या आणि पापड कोणाचे ते कोणी कबूल करत नव्हतं. अखेर परवानगी मिळाली. अटी दोनच होत्या. दुपारी ठोकाठोक करायची नाही, कारण त्या वेळी अध्यक्ष झोपतात. आणि तोडफोडीचा कचरा जिन्यावरून न्यायचा नाही. इमारतीला लिफ्ट नव्हती.

“मग न्यायचा कसा?” भालचंद्रांनी विचारलं.

“ते अर्जदाराने पाहावं,” सेक्रेटरी म्हणाले.

हे वाक्य भालचंद्रांनी नोकरीत स्वतः इतक्या वेळा वापरलं होतं, की त्यांना उलट बोलता येईना.

मग सल्ले सुरू झाले. तळमजल्यावरच्या गृहस्थांनी सांगितलं, की बाथरूम उकरताना घरात राहू नका, त्या धुळीने माणसाचा आवाज कायमचा बसतो. समोरच्या बाई म्हणाल्या, घरातच राहा, नाहीतर मिस्त्री सिमेंटच्या नावाखाली नुसती रेती भरतात. खरा सल्ला दिला तो शेजारच्या पॉल डाबऱ्यांनी. पॉलसाहेब हे कोणत्याही कामासाठी ‘आपला माणूस’ ठेवून असलेले गृहस्थ होते. बाथरूमचं काम घेतलेला हरेश्वर मिस्त्री हा त्यांचाच माणूस. आता त्यांनी दुसरा माणूस काढला.

“राऊत, माझा मेहुणा फर्डिनंड. आगाशीच्या पुढे, राजोडीच्या अंगाला तळ्याकाठी त्याचं रिसॉर्ट आहे. खोलीची खिडकी उघडली की समोर पाणी. होडी आहे. बायकोला घेऊन जा, चार दिवस मजेत राहा. परत याल तेव्हा बाथरूम तयार.”

भालचंद्रांना हे पटायला आणखी एक कारण होतं. त्याच आठवड्यात त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती, आणि या पंचवीस वर्षांत प्रेमलाबाईंनी हॉटेलात एक रात्रही काढली नव्हती. राऊत कुटुंबाने प्रवास पुष्कळ केला होता, पण तो नातेवाइकांच्या पत्त्यांवर. कोल्हापूरला मावशी होती म्हणून महालक्ष्मीचं दर्शन झालं. पाचगणीला आतेभाऊ बदलून गेले म्हणून महाबळेश्वर झालं, आणि ते निवृत्त झाल्यावर महाबळेश्वर बंद पडलं. शिवाय नातेवाइकाकडे गेलं, की दुसऱ्या सकाळी पोळपाट प्रेमलाबाईंच्या पुढे सरकायचाच. ‘तुमच्या हातच्या पोळ्या काय मऊ होतात हो वहिनी’ हे वाक्य त्यांनी निम्म्या महाराष्ट्रात ऐकलं होतं.

हॉटेलचं नाव काढल्यावर प्रेमलाबाई उठल्या. त्यांनी कपाटातून आजवर न नेसलेली मोरपंखी साडी काढली आणि इस्त्रीला दिली. बिल्डिंगभर बातमी भालचंद्रांनी स्वतःच पोचवली. ‘जरा रिसॉर्टवर जाऊन येतो’ हे वाक्य त्यांनी जिन्यात, वाण्याकडे आणि दूधवाल्याला, अशा तिन्ही ठिकाणी सहज बोलल्यासारखं बोलून पाहिलं. ते वाक्य त्यांना शोभत होतं.

हरेश्वर मिस्त्रीने सकाळीच घण घातला. संडासाचं भांडं उखडून गॅलरीत आलं, नळ बंद झाले, आणि राऊत दांपत्य बॅग घेऊन रिक्षात बसलं.

आगाशीचा बाजार मागे पडला, केळीच्या वाड्या लागल्या, वारा जरा खारट झाला. भालचंद्रांनी एक पाय दुसऱ्यावर टाकला. रिक्षावाला फाटकापाशी थांबला तेव्हा आधी त्यांना वाटलं, जागा चुकली. फाटकावर नावाची पाटी नव्हती. नुसत्या खिळ्यांच्या रांगा होत्या आणि अक्षरं खाली गवतात रंगवून वाळत घातलेली होती. आत रेतीचा ढीग, त्यामागे लादीची खोकी, त्यामागे प्लॅस्टिकने झाकलेलं काउंटर, आणि काउंटरमागच्या शिडीवर हाफपँट घातलेले फर्डिनंड.

“या या, राऊतसाहेब!” ते वरूनच म्हणाले. “पॉलने सांगितलं, तुम्ही येणार. जरा काम काढलंय. पॉल बोलला असेलच तुम्हाला.”

“नाही,” भालचंद्र म्हणाले.

“नाही बोलला?” फर्डिनंडना मनापासून आश्चर्य वाटलं. “असा कसा हा माणूस! पण तुम्ही काळजी करू नका. तुमची खोली एकदम रेडी. तळ्यासमोरची आहे.”

त्यांच्या पत्नी बर्थाबाई बाहेर आल्या. त्यांच्या उजव्या मनगटाला क्रेप बँडेज होतं. आदल्या दिवशी लादीचं खोकं उचलायला गेल्या आणि हात मुरगळला. डाव्या हाताने त्यांनी प्रेमलाबाईंच्या हातावर घरी वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी ठेवली. “ये बाय, बस. प्रवासाने दमली असशील.”

प्रेमलाबाई सिमेंटच्या पोत्यावर रुमाल अंथरून बसल्या आणि सुकेळी खाल्ली. मोरपंखी साडीच्या काठावर रेती चढली होती. भालचंद्र त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होते.

खोली खरोखरच तयार होती. पलंगावर पांढरी चादर होती, पंखा चालत होता. प्रेमलाबाईंनी मोठ्या उत्साहाने पडदा सरकवला. समोर चार पाय दिसले. खिडकीबाहेर बांबूची परांची होती आणि तिच्यावर दोन रंगारी वरचा मजला रंगवत उभे होते. त्यांतला एक खाली वाकला, आत बघून म्हणाला, “नमस्कार वहिनी,” आणि पुन्हा वर झाला.

त्या पायांच्या मधून भालचंद्रांनी तळं शोधलं. तळं होतं. त्यात पाणी नव्हतं. गावकऱ्यांनी मे महिन्याचा मुहूर्त साधून गाळ काढायला घेतला होता. मध्यभागी एक पिवळं जेसीबी यंत्र मान खाली घालून उभं होतं, भोवती बगळे होते, आणि लांबच्या कोपऱ्यात डबक्याएवढं पाणी शिल्लक होतं. त्यात गावातली माणसं टोपल्या घेऊन मासे पकडत होती. फर्डिनंडची होडी भेगाळलेल्या चिखलात एका कुशीवर कलली होती.

“बाथरूम कुठेय?” प्रेमलाबाईंनी विचारलं.

बाथरूम उत्तम होतं. दार नव्हतं, एवढंच. दाराला बाहेर रंधा मारणं चालू होतं आणि ते ‘उद्या’ लागणार होतं. आतली अर्धी लादीही उद्याच लागणार होती. तोवर चौकटीला चादर बांधली गेली. आत कोणी असेल तेव्हा दुसऱ्याने खोलीच्या दाराशी उभं राहून जोरात काहीतरी म्हणायचं, अशी व्यवस्था ठरली. प्रेमलाबाई आत असताना भालचंद्रांनी पाढे म्हटले. गाणं म्हणणं त्यांना अधीक्षकाच्या पदाला साजेसं वाटलं नाही. चौदाच्या पाढ्याला ते अडखळले, तेव्हा खिडकीतून रंगाऱ्याने पुढचा आकडा सांगितला.

“घरी परत जाऊ या का?” त्यांनी हळूच विचारून पाहिलं.

“घरी काय आहे? गॅलरीतलं भांडं?”

“मग दादरला, तुझ्या बहिणीकडे...”

प्रेमलाबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. नातेवाइकांचा विषय तिथेच मिटला.

आता पॉल डाबऱ्यांना दोन शब्द सुनावणं गरजेचं होतं. रिसॉर्टचा फोन वायरिंगच्या कामात उपटला गेला होता. फर्डिनंडकडे मोबाइल होता, हातात धरला की मनगट दुखेल असा, पण त्याला रेंज एकाच जागी मिळायची. पोहण्याच्या टाकीवर मुलांसाठी जी उंच निळी घसरगुंडी होती, तिच्या माथ्यावर. टाकी अर्थात रिकामी होती आणि तिच्यात रेती साठवली होती.

भालचंद्र शिडीने वर चढले. वर वारा छान होता. त्यांनी फोन लावला.

“पॉलसाहेब, इथे काम चालू आहे!”

“सुरू झालं?” पॉल आनंदाने ओरडले. “वा! दोन वर्षं नुसता म्हणत होता फर्डी. लादी कुठली घेतलीय बघा बरं जरा.”

भालचंद्रांनी फोन बंद केला. दोन शब्द सुनावायचे राहूनच गेले. ते उतरायला वळले, तर शिडीच्या पायऱ्या लाल झालेल्या. खाली एक रंगारी ब्रश पुसत होता.

“साहेब, ऑइलपेंट आहे. वाळायला संध्याकाळ होईल. पाय नका ठेवू, ठसे उमटतात.”

“मग मी खाली कसा येऊ?”

रंगाऱ्याने त्यांच्या पाठीमागे बोट दाखवलं.

भालचंद्रांनी बराच वेळ विचार केला. ज्यांच्या सहीशिवाय त्या कचेरीत पंख्याला तेल पडत नसे, ते भालचंद्र राऊत डोक्यावर ऊन घेत घसरगुंडीच्या माथ्यावर बसून होते, आणि खाली सुतार, रंगारी, बर्थाबाई असं मंडळ जमत होतं. शेवटी त्यांनी चष्मा खिशात घातला, पँट नीट केली, दोन्ही पाय जुळवले आणि डोळे मिटले. घसरगुंडी आतून नुकतीच घासलेली होती, त्यामुळे ते त्यांच्या अंदाजापेक्षा पुष्कळ वेगाने आले आणि रेतीत कमरेपर्यंत रुतले. डोळे उघडले तेव्हा त्यांना गॅलरीत प्रेमलाबाई दिसल्या. त्या कठड्याला धरून हसत होत्या. तोंडाला पदर लावलेला नव्हता. असं हसताना भालचंद्रांनी त्यांना बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. राग आवरून ते रेती झटकत उठले.

उन्हं कलल्यावर प्रेमलाबाई म्हणाल्या, “होडीत बसायचंय मला.”

“अगं, पाणी नाहीये.”

“होडी आहे ना?”

भेगांवरून पावलं टाकत दोघं तळ्यात उतरले. होडी कललेली असल्यामुळे भालचंद्र वरच्या बाजूला आणि प्रेमलाबाई खालच्या बाजूला बसल्या, आणि भालचंद्र दर थोड्या वेळाने त्यांच्या अंगावर घसरू लागले. जेसीबीवाल्याने काम थांबवून अदबीने यंत्र जरा दूर नेलं. कोपऱ्यातल्या डबक्याशी बायका मोठमोठ्याने भाव करत होत्या. प्रेमलाबाईंनी वल्ह्याने चिखल ढोसून पाहिला आणि “बरं वाटतंय,” असं म्हणाल्या. भालचंद्रांना तो टोमणा आहे की काय हे कळेना. 

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर टकटक झाली. “लादीवाला,” बाहेरून आवाज आला. भालचंद्रांनी दार उघडलं. खांद्यावर पिशवी, हातात थापी, आणि समोर हरेश्वर मिस्त्री.

भालचंद्रांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

“हरेश्वर, तू इथे? मग माझ्या बाथरूममध्ये कोण आहे?”

“कोणी नाय साहेब,” हरेश्वर शांतपणे म्हणाला. “तुम्ही रिसॉर्टला गेलात ना. मग तिकडे घाई कोणाला? फर्डिनंडशेठचा निरोप आला, गिऱ्हाईक येऊन बसलंय, त्यांना बाथरूम नाय, लगेच ये. म्हणून तुमचं टाकून आलो.”

“ते गिऱ्हाईक मी आहे!”

“ते आत्ता कळलं मला,” हरेश्वर म्हणाला. “पण बघा, पानी बंद आहे, तर खाली गळायचं पण बंद झालंय. विनिताबाई एकदम खूश आहेत. काय घाई नाय म्हणाल्या.”

भालचंद्र पलंगावर बसले. प्रश्न त्यांनी कचेरीतल्या पद्धतीने मांडून पाहिला. हरेश्वरला घरी पाठवावं, तर इथलं बाथरूम असंच राहणार आणि पाढे चालू ठेवावे लागणार. इथे ठेवावं, तर घरचं बाथरूम होत नाही आणि इथला मुक्काम वाढतो. मुक्काम वाढला, की इथलं बाथरूम अधिकच गरजेचं होतं. आयुष्यात प्रथमच त्यांच्यासमोर असं प्रकरण आलं होतं, ज्यात दोन्ही बाजूंचे अर्जदार तेच होते. ते ‘बघू’ म्हणाले. हरेश्वरने त्याचा अर्थ ‘इथेच कर’ असा घेतला आणि लादी भिजत घातली.

तेवढ्यात फर्डिनंड आले. हाफपँट तीच, पण चेहरा उतरलेला. रिसॉर्टचा स्वयंपाकी बहिणीच्या लग्नाला गेला होता, तो सकाळी येणार होता, आणि आला नव्हता. काल बर्थाबाईंनी एका हाताने कसाबसा डाळभात केला होता, पण आज मनगट चांगलंच सुजलं होतं. कामाला सगळे मिळून पंधराएक माणसं, वर पाहुणे.

“गावातून मरळ आणलीय साहेब, ताजी, आपल्या तळ्यातलीच. पण करणार कोण?”

भालचंद्रांच्या मनात एकदम उदारपणा दाटून आला. तो नेहमीप्रमाणे दुसऱ्याच्या जिवावरचा होता.

“हात्तिच्या! आमची प्रेमला आहे की. पंधरा माणसं म्हणजे तिला काहीच नाही. तिच्या हातचं कालवण...”

“मी करणार नाही,” प्रेमलाबाई म्हणाल्या.

त्या आरशासमोर वेणी घालत होत्या. आवाज चढलेला नव्हता. रंगाऱ्यांचे पाय खिडकीत स्तब्ध झाले.

“अगं, पण बर्थाबाईंचा हात...”

“बर्थाताईंना मी शेक देते, हवं तर तेल चोळते. पण चुलीपाशी उभी राहणार नाही. अहो, मी हॉटेलात राहायला आलेय. मला खिडकीतून तळं नको, दाराची कडीसुद्धा नको. मला फक्त कोणीतरी जेवायला वाढायला हवंय. एवढं एकच हवंय.”

हे बोलून त्यांनी वेणीला रिबन बांधली.  हरेश्वरने थापी खाली ठेवली होती. फर्डिनंड पंख्याकडे बघत होते. भालचंद्रांना पोळपाट आठवले, कोल्हापूरचा, पाचगणीचा, दादरचा. प्रत्येक वेळी ‘आमची प्रेमला आहे की’ हे वाक्य म्हटलं कोणी होतं, हेही आठवलं.

“चला,” ते फर्डिनंडना म्हणाले, “स्वयंपाकघर कुठेय?”

भालचंद्रांना चहा करता येत नव्हता. बर्थाबाई बँडेज बांधलेला हात मांडीवर घेऊन स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी तोंडाने स्वयंपाक सुरू केला. फर्डिनंड कांदा चिरताना रडत होते आणि ते कांद्यामुळेच, असं सांगत होते. मरळ भालचंद्रांच्या वाट्याला आली. ती मेलेली आहे, असं सगळ्यांचं मत होतं. भालचंद्रांनी खवले काढायला सुरी लावली, तशी ती मरळ त्यांच्या हातून सुटली, ओट्यावरून बेसिनमध्ये, बेसिनमधून फरशीवर आणि फरशीवरून ओल्या कोब्यात गेली. भालचंद्र तिच्यामागे गुडघ्यांवर गेले. सुताराने फळी आडवी धरून वाट अडवली. मासा सापडला, पण भालचंद्रांच्या गुडघ्यांचे दोन सुबक ठसे त्या कोब्यात उठले, आणि ‘राहू द्या, वर लादी येणारच आहे’ असं बर्थाबाईंनी सांगितलं.

“आता बाटलीतला मसाला घाला. दोन चमचे. चमचा तो नाय, भाऊ, तो डाव आहे!”

डाव एकदाच पडला होता. मग रस्सा वाढवला, मग नारळ वाढवला, मग रस्सा पुन्हा वाढवला. शेवटी पातेलं काठोकाठ भरलं. पंधरा माणसांना ते आदल्या दिवशीच्या डाळीपेक्षा नक्कीच जास्त होणार होतं.

दुपारी जेवणघरात पंगत बसली. भिंतींना रंगाआधीची नुसती पुट्टी लावलेली होती, खिडक्यांना काचा नव्हत्या. कामगार बाकांवर बसले. प्रेमलाबाईंसाठी खिडकीपाशी वेगळं टेबल होतं. त्यावर फर्डिनंडनी कुठून तरी शोधून स्वच्छ पांढरा टेबलक्लॉथ घातला होता. मोरपंखी साडी झटकून पुन्हा नेसलेल्या प्रेमलाबाई आल्या, बसल्या आणि त्यांनी मेनूकार्ड मागितलं.

“मेनूकार्ड कशाला?” भालचंद्रांनी कंबरेचा पंचा सावरत विचारलं. “मरळीचं कालवण आणि भात आहे. दुसरं काही नाही.”

“आणा तर.”

कार्ड आलं. प्रेमलाबाईंनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, सूपपासून आइस्क्रीमपर्यंत. दोन पदार्थांची चौकशी केली. ते नाहीत असं कळल्यावर मान हलवली. मग कार्ड मिटून म्हणाल्या, “मरळीचं कालवण आणि भात.”

भालचंद्रांनी वाढलं. भात जरा लगद्यासारखा पडला. रस्सा टेबलक्लॉथवर सांडला. प्रेमलाबाईंनी पहिला घास घेतला आणि सगळं जेवणघर त्यांच्या तोंडाकडे पाहू लागलं.

“मीठ कमी आहे,” त्या म्हणाल्या.

भालचंद्रांनी मीठ आणलं. नंतर पाणी आणलं, लिंबू आणलं, पुन्हा भात आणला. बाकावरूनही ‘साहेब, इकडे रस्सा’ अशा हाका येऊ लागल्या आणि कोणाला ‘बघू’ म्हणायला त्यांना सवड मिळाली नाही. बर्थाबाई डाव्या हाताने जेवत म्हणाल्या, की नारळ थोडा जास्त झालाय, पण मासा फुटला नाही हे विशेष. भालचंद्रांना बढतीची ऑर्डर मिळाली तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं.

हरेश्वर जेवून, हात धुऊन आला.

“साहेब, तुमचं इकडचं संध्याकाळपर्यंत होतं. दार पण लागेल. मग उद्या सकाळी विरारला जाऊन तुमचं घरचं घेऊ?”

भालचंद्रांच्या हातात खरकट्या वाट्यांची चळत होती, पँटीचे गुडघे सिमेंटने कडक झाले होते. ‘घे, घे’ असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

“नको हो, हरेश्वर,” खिडकीपाशी प्रेमलाबाई म्हणाल्या. “तिकडे काही घाई नाही. आधी इकडचं सगळं सावकाश, नीट होऊ दे.”

मग त्या उठल्या. सवयीने हात ताटाकडे गेला, क्षणभर तिथेच थांबला, आणि ताट टेबलावर तसंच ठेवून त्या हात धुवायला निघून गेल्या. भालचंद्रांनी ते उचललं. त्यात काट्यांशिवाय काही उरलं नव्हतं.